काठ न बांधलेली टोपली

समता कॉलनीतल्या सोनोग्राफी केंद्रात माझा क्रमांक यायला अवकाश होता. शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर हिरव्या पानांची, अर्धवट विणलेली टोपली होती.

"मंजिरी, हे इथं काहून आणलं?"

"हात रिकामे राहिले की भीती वाटते, आई."

"बाळ व्हायच्या आधी त्याच्यासाठी काही आणू नये. मागच्या वेळी झबली आणून ठेवली होती तू."

"म्हणून तर विकत नाही आणलं. तुमच्या नीलेशनं तळ्याकाठून शिंदीची पानं तोडून आणली."

"पहिलीच टोपली आहे न? एका अंगानं झुकून राहिली."

"हव. विणता विणता डोळे मिटतात, अन् तिच्यात कोणी झोपलेलं दिसते. मंग तिकडची वीण आपोआप सैल पडते."

"एवढ्याशा टोपलीत?"

"तेवढंच दिसते. मुठीएवढं."

"काठ नको बांधू अजून."

"नाही बांधत. आज ठोके ऐकू आले, तर बांधीन."

"अन् नाही आले तर?"

"तर पानं पानंच राहतील, आई."

"मंजिरी जी, अंदर आइए," दारातून नर्सने हाक मारली.

टोपली सासूबाईंच्या मांडीवर देऊन ती आत गेली. दार लागले. सासूबाई बराच वेळ पानांवरून बोट फिरवत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, थोडं पाणी आहे का? वाळली तर ही पानं वाकवताना तुटतात."

मी बाटली दिली. त्यांनी पदराचे टोक भिजवले आणि उघड्या काठावर पांघरले.