कोनाड्यातला कॉम्प्युटर

...अन् पुन्हा बंद! तुमाले सांगतो, दीपा बोहल्यावर चढली, अंतरपाट धरला, अन् कॉम्प्युटर ठप्प! आता तिचं लगन मीच शूट केलतं, फिल्म मीच बनवून राह्यलो, अन् मांगं बसली तिची माय, विमलताई. "काय झालं रे प्रफुल्ल? पोरगी कुठं गेली?" आता काय सांगू!

बाई रोज येते. काहून? आपल्याकडं मायनं पोरीवर अक्षदा पडतानी पाहू नाई म्हनतात ना! सारं गाव मांडवात, अन् माय तिकडं तुळशीले पानी टाकून राह्यली! "एक डाव दाव रे बापू." अन् म्या शहान्यानं कॅमेऱ्यातलं पुसून दुसरं लगन काढलं! सारं त्या डब्यातच. डबा गेला का लगन गेलं!

डबाच म्हनतो मी त्याले. जोड्याच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर, मीच जोडला. एवढा लहान कायले? जागा कुठं हाय! खोलीत कापूस, छपरीत कापूस, आमी कापसावर झोपतो अन् अंग खाजवत उठतो! गेल्या साली भाव चढला, औंदा धडकन पडला, अन् आमचे बाबा, पुंडलिकराव, ढिगावर बसून एकच सांगते, "भाव चढू दे, मंग इकू!" राह्यला फक्त भितीतला कोनाडा. त्यात मावन असा डबा केला.

यवतमाळले विक्कीले फोन लावला, त्याच्याच दुकानातून सामान आनलतं. "भाऊ, रॅम काढ, खोडरबरनं घास." घासली. बंद! "भाऊ, प्रोसेसरवरची पेस्ट बदल." बदलली. बंद! "भाऊ, झाकन काढून चालवून पाह्य." अन् चालला की हो! झाकन लावलं... नव्वद डिग्री, ठप्प! म्हनलं, हवाच नाई भेटून राह्यली याले. हवा कुठून जाते पाहाले उदबत्ती पेटवली... अन् बाबा ढिगावरून घसरतच खाली! "घर जाळतं काय बे! मी म्हनतो भाव चढू दे, मंग इकू, अन् तू आताच राख करून राह्यला!"

मंग उदबत्ती इझवली, चिमूटभर कापूस घेतला, डब्याच्या जाळीसमोर धरला. हालेच ना! जाळी काढली, त मांगं सारा पंखा कापसानं गच्च! वढून काढला. बाबानं तो हातात घेतला, दोन बोटात धरून तानला, "धागा लांब हाय बे," अन् टाकला परत ढिगात!

कापूस आत जाऊ नये म्हनून बाबाचीच मच्छरदानी कापली, कोनाड्याले लावली. डब्याखाली इटा ठेवल्या, गरम हवा जाले मांगं भितीले भोक पाडलं. झाकन लावलं, देवाचं नाव घेतलं... साठ, पासष्ट, सत्तर... अन् थांबला! सत्तरावर थांबला हो! फिल्म झाली, सीड्याबी काढून ठेवल्या. जीव भांड्यात पडला, खोटं कायले बोलू.

विमलताईले फिल्म लावून देली. पडद्यावर अक्षदा पडल्या अन् तिनं पदर तोंडाले लावला. रडते बी अन् हासते बी! "पाह्य माय, कशी मान खाली घालून उभी हाय! घरी कधी घातली नाई!"

मी बी डोये पुसले. तेवढ्यात म्हनलं, बाबा, आता त इका, डब्यालेबी मोकळी हवा भेटन. बाबानं मच्छरदानीकडं पाह्यलं, भोकाकडं पाह्यलं. "झाला ना डबा गार? मंग घाई कायले? भाव चढू दे!"

आता डबा गार, बाबा गार... तापून राह्यलो मी एकटा!