फळ्यामागची भेग

सगळे मला म्हणायलेत, सोडून दे, इंटरनेटवरच्या चोरीचं कोण काय करणार! मी का सोडत न्हाई, ते ऐका.

मी लातूरला घरीच केमिस्ट्री शिकवते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. त्यात फक्त माझा हात आणि फळा दिसतो. परवा माझाच बेंझीनचा तास नांदेडच्या एका क्लासच्या चॅनेलवर! हात माझा, फळा माझा. आवाज आणि नाव तिथल्या सरांचं. लावला फोन.

सर हसले. "मॅडम, बेंझीन काय तुमच्या घरचं हाय का? शास्त्र सगळ्यांचंच असतंय."

"शास्त्र सगळ्यांचं हाय, सर. पण फळ्यामागं भिंतीला भूकंपातली भेग दिसायली ना, ती माझ्या घरची हाय. तुमच्या क्लासात असली तर फोटो पाठवा."

फोन कट. व्हिडिओ मात्र तसाच. मग मी भेगेचा फोटो जोडून रीतसर तक्रार टाकली.

आता ही भेग बुजवा म्हणून सासूबाई माझ्या लग्नापासून मागं लागलेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनीच आधी बोलावून ठेवलेला गवंडी सिमेंट घेऊन दारात हजर. पण फोनवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. पदर खोचून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"जा बाबा परत. ही भेग आता साक्षीदार हाय. निकाल लागेपर्यंत तिला कुणी हात लावायचा न्हाई."