पट्टीवरची लाथ

तुळशीराम : दोनच वाक्यं बोल, महादेव. कमळाकर थोर खेळाडू होता, एवढं बोललास तरी पुरे.

महादेव : तूच बोल की. कप्तान तू व्हतास.

तुळशीराम : माझी भाषणं ऐकून पनवेल विटलंय. तू त्याच्या जोडीला हुतुतू खेळलास, वर त्याचा सख्खा दाजी. स्वराज्य आल्यावर गोऱ्या साहेबाचं नाव काढलं, तेव्हापासून हे मैदान बिननावाचं पडलंय. परवा त्याला कमळाकरचं नाव द्यायचं. कमिटीनं पेढेसुद्धा सांगितलेत. आणि हा मुंबईत बसून म्हणतो, दाजी बोलले तरच येईन.

महादेव : आसं म्हनला तो?

तुळशीराम : अगदी असंच. हौसावहिनी, तुम्ही तरी सांगा यांना. तुमच्या भावाचा मान आहे.

हौसा : मी काय सांगू, भावजी. तुमी चा घ्या.

तुळशीराम : बरं, नातं ठेवू बाजूला. खेळापुरता न्याय कर. त्याच्यासारखी चढाई कुणाची होती?

महादेव : कोनाचीच नाय. हुतुतू हुतुतू करत शिरला का समोरच्यांचा दम सुटायचा, त्याचा नाय. आपटा गावच्या सामन्यात सगळा संघ अंगावर पडलेला, तरी मधल्या रेघेला बोट लावलं त्यानं. खोटं कशाला बोलू.

तुळशीराम : मग? गिरणीत नोकरी धरून गाव सोडलं, त्याचा राग आहे का?

महादेव : पोट कुनाला नाय? मिठागरात पाय सोलवटून घेन्यापरीस गिरनी बरी. मीच त्याची पेटी मोटारीवर चढवली.

तुळशीराम : मग राहिला तो शेवटचा सामना. गिरणीच्या संघातून तो आपल्याच मैदानात आपल्यावर चालून आला, आपण हरलो, तुझा पाय गेला. पण त्यातच त्याचं मोठेपण आहे. तेच तर मी स्टेजवर सांगणार आहे.

महादेव : कसलं मोठेपन?

तुळशीराम : हे मी तुला सांगायचं? आपल्या संघाची रीत काय होती? एक गुडघा दुखावला की पट्टी दुसऱ्या, चांगल्या गुडघ्याला बांधायची. चढाईला आलेला पट्टी बघून तिथंच लाथ घालणार, आणि आपण त्याचा पाय धरणार. भलेभले संघ फसवले आपण. कमळाकरला ही रीत तोंडपाठ. पट्टी नाही तोच गुडघा दुखरा, हे त्याला ठाऊक. तरी त्यानं पट्टीवर लाथ घातली. जाणूनबुजून चांगल्या गुडघ्यावर. बहिणीच्या कुंकवाला जपलं त्यानं. पुढं तो चांगला गुडघाच मोडला, ते तुझं नशीब. आज गावातली पोरंसोरंसुद्धा ही गोष्ट सांगतात.

महादेव : पट्टी दुखऱ्यालाच व्हती.

तुळशीराम : काय?

महादेव : त्या दिशी खऱ्या दुखऱ्यालाच बांधली मी. तो आपल्यातला, त्याला रीत ठावकी. त्याला फसवायचा तर उलटं करायला नको? तो बिनपट्टीच्या गुडघ्यावर येनार, आनि तो गुडघा तर धडधाकट. आसं मनात धरलं व्हतं मी.

तुळशीराम : आणि मला नाही सांगितलंस? कप्तानाला?

महादेव : कुनालाच नाय सांगितलं.

तुळशीराम : मग चुकून बसली असेल लाथ. त्याला कळणार कसं?

महादेव : आदल्या दिशी घरी आला, बहिनीकडं. चिंबोऱ्यांचं कालवन जेवला. मंग म्हनला, दाजी, पाय ओढताय, बघू जरा. मी पाय पुढं केला. मेवना तो, त्याच्यापासून काय झाकायचं? घरात बघितलेलं तो मैदानात वापरील, आसं मनातसुदीक आलं नाय. कळ कुठं येते ते बोटांनी चाचपून बघितलं त्यानं. तेल चोळून दिलं. म्हनला, उद्या जपून खेळा.

तुळशीराम : आणि दुसऱ्या दिवशी...

महादेव : नेमकी जिथं तेल चोळलं तिथं. आनि हुतुतू म्हनतच परत गेला.

तुळशीराम : वहिनी, खरं हे?

हौसा : तेल मीच तापवून दिलं, भावजी. त्या सामन्यापासून भाऊबीजेला आला नाय तो.

तुळशीराम : आणि इतकी वर्षं तुम्ही दोघं गप्प?

महादेव : हिचा एकलाच भाऊ. गाव त्याला मोठा म्हनतंय तर म्हनू दे, म्हटलं. वाटलं, त्यालाच कवातरी लाज वाटंल. तोच म्हनंल, बाबांनो, ही गोष्ट खोटी, दाजीला मी सांभाळला नाय. पन तो त्या गोष्टीवर मोठा व्हत गेला. आनि आता ती माज्या तोंडून पाहिजे? हे मला लई लागलं, तुळशीराम. पाय मोडला तवा येवढं लागलं नव्हतं.

तुळशीराम : हे बघ. रेघ ओलांडली की मेहुणा नसतो, समोरचा गडी असतो. त्यानं आपल्या संघासाठी केलं. खेळाच्या नजरेनं पाहिलं तर ती लाथसुद्धा थोरच म्हणायची.

महादेव : बरं. मंग येतो परवा. बोलतो. तीच लाथ सांगतो, तेल चोळल्यापासून.

तुळशीराम : छे, छे. ते नको. तो समोर हार घालून बसलेला असेल.

महादेव : मंग काय झालं? थोर हाय ना ती?

तुळशीराम : अरे, पण चार लोकांत...

महादेव : मंग न्याय तूच केलास. माज्याकडून कशाला वदवून घेतोस?

तुळशीराम : तू नको येऊस. तब्येत बरी नाही म्हणून सांगेन. पेढे सांगितलेत, पाहुणे बोलावलेत, आता मागं कसं फिरू मी? वहिनी, निदान तुम्ही या. बहिणीनं ओवाळलं तर गावाला बरं दिसेल.

महादेव : जा तू, हौसा. माजी ना नाय. तुजा भाऊ हाय तो.

हौसा : ताट घेईन, वात लावीन. पन ओवाळताना तोंडाकडं बघावं लागतं, भावजी.