घोडीबरोबरची शेळी

(तबेल्याचं दार. आतून लाथा बसताहेत.)

भाचा : सकाळी अगदी गरीब गाय होती गं मावशी! आता काय संचारलं हिच्या अंगात?

मावशी : शेळी कुठाय?

भाचा : ती पांढरी? मागे नेऊन बांधली. एवढं मोठं गिऱ्हाईक येणार, आणि घोडीशेजारी लेंड्या टाकणारी शेळी! बरं दिसतं का?

मावशी : तू आपला बँकेतच बरा. अरे, आईचं दूध सुटल्यापासून ही घोडी त्या शेळीशिवाय पाऊल उचलत नाही. आणि साहेब हिची चालच बघायला येतायत. जा, घेऊन ये.

भाचा : जातो. पण मला एक कळत नाही. ही एक शर्यत पळलेली नाही, पाठीवर खोगीर पडलेलं नाही. आणि हिची जी किंमत ठरतेय, तेवढ्या पैशात आमची अख्खी गल्ली येईल!

मावशी : तुमच्या गल्लीला थोरला भाऊ आहे का, गेल्या वर्षी सगळ्या शर्यती मारलेला? हिला आहे. दोघांची आई एकच. तिला वर्षाला शिंगरू एक, तेही झालं तर. आणि मागणारे दोघे, तेही एकमेकांचं तोंड न बघणारे. मग चढतो भाव.

भाचा : आणि नाहीच पळाली तर?

मावशी : तर हिची पोरं पळतील. त्या आशेचेच तर पैसे मोजतात हे लोक.

भाचा : म्हणजे लॉटरी!

मावशी : हो, चारा खाणारी. पण साहेब आज तसेच परत गेले, तर मला हिची आई विकावी लागेल. म्हातारपणी दुसऱ्याच्या दारात जाईल रे ती. उभा काय राहिलास? पळ!

साहेब : नमस्कार बाई. कुणाला पळवलंत?

मावशी : या साहेब. भाचा आहे माझा. शेळी आणायला गेलाय.

साहेब : मी घोडी बघायला आलोय.

मावशी : खोटं कशाला सांगू? शेळी पुढे असली तरच ही चालते. भाच्याने तुमच्यासाठी आवराआवर केली, म्हणून हा तमाशा.

साहेब : हात्तिच्या! माझ्या एका घोड्याला कोंबडा लागायचा. कोंबडा शिंकला की डॉक्टर मला फोन करायचे.

भाचा : आणली! माझी बाही खाल्ली, पण आणली.

मावशी : चल तिला घेऊन पुढे. सावकाश. मी दार उघडते... बघा साहेब.

साहेब : थांबा, बोलू नका कुणी... वा! मागचा पाय कसा टाकते! भावाचीच चाल. ठरलं बाई. फोनवर बोललो तो आकडा कायम.

भाचा : मावशी, बस. आधी खाली बस तू.

साहेब : पण शेळीही लागणार. तिचं काय घेणार, बोला.

भाचा : तसं पाहिलं तर साहेब, शेळीही मोठ्या घराण्यातली—

मावशी : गप रे! शेळीचे पैसे नकोत मला.

साहेब : असं कसं? काहीतरी घ्या.

मावशी : काही नको. फक्त अंधार पडला की ती दाराशी येऊन ओरडते. तेव्हा कुणीतरी "आहे गं मी इथेच" म्हणायचं. मग झोपते.