रविवारचं इंजेक्शन

वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू झालं आणि माझी झोपच उडाली. काळजी एकच, पोटात सुई टोचून घेताना मनूनं पाहिलं तर? सहा वर्षांची पोरगी, उद्या आरशासमोर उभी राहून विचारायची, "मम्मी, मीपण जाडी आहे का?" लातुरातल्या क्लासमध्ये मी नीटच्या पोरांना हार्मोन्स शिकवते, पण घरातल्या या एका विद्यार्थिनीपुढे माझी काहीच तयारी नव्हती.

म्हणून दर रविवारी मी खोलीत आणि सासूबाई दाराबाहेर पहाऱ्याला. चौथ्या रविवारी पहारेकरीणच आत आली बघायला.

"किती थरथरायलीस गं. भूकंपात आपलं घरबी एवढं हाललं नव्हतं."

"आई, अहो दार तरी लावा," म्हणेपर्यंत त्यांच्या मागून मनू आत.

"मम्मी, काय टोचायलीस?"

झालं. पाठ करून ठेवलेलं सगळं मी विसरले. शरीर कसंही असलं तरी छानच असतं, पण डॉक्टरांना माझ्या शुगरची भीती वाटते, असं काहीबाही बोलत सुटले. शेवटी म्हटलं, "हे घेतलं की मला भूक कमी लागते, बाळा. दोन घास खाल्ले की पोट भरतं. बास, एवढंच."

मनूचा चेहरा पडला. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली, मग स्वतःच्या. मी घाईघाईनं कुर्ता खाली ओढला.

"मग माझ्या डब्यात उरलेली दोडक्याची भाजी कोण खाणार?"