बदनावरची पांढरी माती

अरे भिया, सूनबाईनं डोहाळ्यात माती खाल्ली म्हणून एवढा गहजब? आमच्या आईनं तर दरबारची माती खाल्ली होती!

धारच्या दरबारात तेव्हा चिनी मातीच्या बरण्यांचा कारखाना काढायचं चाललं होतं. वडील तिथं नोकरीला. गावोगावची माती ते पुरचुंड्या बांधून घरी आणत. साहेबांना दाखवायच्या दिवशी बदनावरची पुरचुंडी सोडली, तर आत चिमूटभर माती!

"उंदरांनी नेली की काय?" वडील ओरडले.

आईला दिवस गेलेले. ती खाली मान घालून म्हणाली, "वासच असा येत होता हो. रोज थोडी थोडी घेतली."

"अगं, मग मागायची नाहीस?"

"माती कशी मागू? लाज वाटली."

वडील बैलगाडी जोडून पुन्हा बदनावरला गेले आणि दोन पुरचुंड्या घेऊन आले. एक आईच्या उशाशी ठेवली, दुसरी साहेबांकडे नेली.

"सगळ्यांत चांगली कुठली?" साहेबांनी विचारलं.

"बदनावरची. घरी पारख झालीय."

कारखाना काही निघाला नाही. त्या मातीचा एकच नग तयार झाला. तो हा, तुझ्यासमोर चहा पितोय.