एकोणीस मोर

मार्वे जेट्टीवर मनोरीच्या बोटीसाठी रांग लागली होती. मासळी विकून परतणाऱ्या पुतळाबाई रिकाम्या पाटीशी बसल्या होत्या. त्यांच्या मागचं जोडपं लग्नाला निघालं होतं.

"तोंड का पाडलंस? डॉक्टर बोलल्या ना, ऑटिझम म्हणजे आजार नाही. तुझी घडणच तशी आहे."

"पण बेचाळिसाव्या वर्षी कळलं, सुलू."

"आणि मी पंधरा वर्षं भलतंच समजत बसले."

"काय?"

"अक्षता पडल्या, बेंजो सुरू झाला आणि माझा नवरदेव गायब! सापडलास कुठे, तर आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. वाटलं, मी पसंत नाही."

"अगं, बेंजो डोक्यात घुसत होता. तू पसंतच होतीस. तुझ्या शालूच्या पदरावर एकोणीस मोर होते."

"मोजलेस?"

"पळायच्या आधी."

"अरे, मग हे तेव्हाच बोलायचं ना!"

"तू विचारलं नाहीस."

"धन्य आहेस, जयवंता!"

"आज भाचीच्या लग्नातही बेंजो असणार. तुझा दादा मला नाचायला ओढणार."

"दादाला मी सांगते. बेंजो वाजला की तू सरळ गच्ची गाठ."

"आणि तू?"

"मीपण येते. मोर मोजत बसू. मुद्दाम तोच शालू नेसलेय, तुझं लक्ष तरी आहे का?"

"आहे ना. एक मोर उसवलाय. अठराच राहिलेत."

बोट लागली. पुतळाबाईंनी पाटी बाजूला ओढली.

"जा रे पोरांनो, पुढे व्हा. गच्चीवरची जागा आधी धरा."